बिनसाखरेची भिशी

[पहाट. गुऱ्हाळ. चुलवाणातला जाळ, काहिलीवरची वाफ.]

कोल्हापूरपासून थोड्याच अंतरावर, पंचगंगेच्या काठाला आमचं गाव. गळीत हंगाम सुरू झाला की इथं पहाट वासानं कळते. चुलवाणात चिपाडं पेटलेली असतात, काहिलीत रस खदखदत असतो. भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढत राहतो. पाक झाला की नाही, हे तो पाण्यात थेंब टाकून बोटांनी ओळखतो. लहानपणी आम्ही पोरं वाफ्याभोवती उभी राहायचो. हात पुढं करून. गरम गुळाचा गोळा कुणाच्या तळहातावर आधी पडतो, यावरनं भांडणं व्हायची.

कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या कागदाच्या कितीतरी आधीपासून या वासावर आमची घरं चालली आहेत. माझ्या शाळेची फी उसाच्या बिलातून भरली. बहिणीचं लग्नही त्यातूनच झालं. म्हणून ही गोष्ट सांगताना मला जड जातंय. कारण ही गोष्ट माझ्या आईनं साखर कशी सोडली, त्याची आहे.

[आईचं स्वयंपाकघर. फळीवरचा साखरेचा डबा.]

चार वर्षांपूर्वी आई दुपारची गळून जायला लागली. जेवण झालं की तासाभरात डोळे मिटायचे. उठली की हातपाय ओढायचे, कारण नसताना चिडचिड. मग ती चहा टाकायची. दोन चमचे साखर. चहा पोटात गेला की तरतरी यायची, बोलायला लागायची, आणि दीड-दोन तासांत पुन्हा तेच. 'वय झालं गं आता,' म्हणायची. वय होतं बावन्न.

रक्त तपासलं. तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. आकडा आला 6.3. यात 5.7 ते 6.4 हा प्रीडायबेटीसचा पट्टा, आणि 6.5 पासून पुढं मधुमेह. आमच्याकडं याला म्हणतात, 'शुगर बॉर्डरवर आली.'

गल्लीत कुणाचा विश्वास बसेना. 'एवढी काटकुळी बाई, हिला कुठली शुगर?' हा प्रश्न मला दहा जणांनी विचारला असेल. त्याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. वजन-उंचीचं गणित, म्हणजे बीएमआय, दोघांचं एकच: 22.3. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ती 9.1 टक्के भरली आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणारं आपलं शरीर आतून चरबी बाळगून असू शकतं, आणि अशा शरीराला साखर लवकर सोसेनाशी होते. माझी आई त्यातलीच.

आई एकटी नव्हती. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि 13.6 कोटी लोक आईसारखे बॉर्डरवर.

डॉक्टरांनी सांगितलं, 'गोड बंद करा, रोज चाला, तीन महिन्यांनी या.' सल्ला अगदी बरोबर होता. आईनं मान हलवली. आम्ही घरी आलो, आणि पायातल्या चपला काढायच्या आत शेजारच्या काकी कपबशी घेऊन दारात. 'दमून आलाय. घोटभर घ्या.'

आईनं घेतला. न घेऊन कसं चालेल?

[गल्ली. एका दारातून दुसऱ्या दारात जाणारी कपबशी.]

आमच्या गावात चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. आलेल्याला फिका चहा दिला तर त्या घरची बाई चिक्कू ठरते. पोरगं पास झालं, तोंड गोड करा. म्हैस व्याली, नवी मोटरसायकल आली, तोंड गोड करा. आणि 'मला शुगर आहे' म्हटलं तर उत्तर ठरलेलं: 'एवढ्यानं काय हुतंय वो!'

आईनं तीन महिने एकटीनं प्रयत्न केला. घरचा चहा बिनसाखरेचा केला, पण दिवसातले चार चहा दुसऱ्याच्या घरचे होते. ती लोकांकडं जाणं टाळायला लागली. हळदीकुंकवाला गेली नाही. बारशाला उशिरा गेली आणि पेढा रुमालात बांधून परत आणला. रात्री एकटी असताना तोच पेढा खाल्ला आणि रडली. तिनं हे मला खूप नंतर, कॅमेरा बंद असताना सांगितलं. इथं घ्यायला तिची परवानगी आहे.

दुसऱ्या तपासणीत आकडा होता तिथंच होता.

[आईचं घर. भिशीच्या चिठ्ठ्या. स्टीलचं ताट.]

आईची भिशी अकरा बायकांची. महिन्याला पाचशे रुपये, जिच्या घरी भिशी तिनं खायला करायचं. शिरा नाहीतर गुलाबजाम, वर आइस्क्रीम. त्या महिन्यात पाळी आमची होती. आईनं काही केलं नाही. तिनं समोरच्या किराणा दुकानातनं वजनकाटा आणला, एक मोठं ताट मांडलं आणि साखरेचं पोतं उघडलं.

हे पोतं कारखान्याचं. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला सवलतीच्या भावात साखर मिळते. दिवाळीआधी ती घरी येते आणि वर्षभर पुरते. आमच्याकडं ती मानाची वस्तू आहे. शेअर आहे, म्हणून साखर आहे.

आई म्हणाली, 'मी दिवसाला सहा कप पिते. कपाला दोन चमचे.' चमच्यात साधारण पाच ग्रॅम. बारा चमचे, साठ ग्रॅम. तीस दिवसांचे अठराशे. काट्यावर तेवढी साखर भरेपर्यंत ती ताटात ओतत राहिली. ताट भरलं, डोंगर झाला, कडेनं दाणे चटईवर घरंगळले. 'ही एकट्या माझ्या चहाची. एका महिन्याची. जेवणातली वेगळी, सणाची वेगळी.'

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्यानं वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25 पर्यंत आणली तर आणखी चांगलं. गूळ, मध, काकवी हे सगळं त्यात धरूनच.

कुणीतरी लगेच म्हणालं, 'पण गूळ चालतो की.' आमच्या भागात हा समज फार खोल आहे आणि तो मला पोटतिडकीनं खोडावासा वाटतो. गुळात थोडं लोह असतं, थोडे क्षार असतात, चव तर असतेच. पण त्याचा मोठा भाग साखरच असतो, आणि रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. गुळाचा चहा शुगरवाल्याला चालतो, हे खरं नाही. गुऱ्हाळाच्या गावातली पोरगी म्हणून सांगते.

थोरल्या आक्का सगळ्यांत मोठ्या, साठी ओलांडलेल्या. त्या चिडल्या. 'दारात ऊस, घरात कारखान्याची साखर, आन् आमी बिनसाखरंचा च्या प्यायचा? लोक काय म्हणतील?'

आई म्हणाली, 'आक्का, मला एकटीला न्हाई जमत. मी बघितलं करून.'

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकेकीनं सांगायला सुरुवात केली. अकरांतल्या चौघींना शुगर होती. भिशीत बारा-बारा वर्षं शेजारी बसून एकमेकींना माहीत नव्हतं. एकीनं तर सासरी कळेल म्हणून गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या.

[चहाचं पातेलं. शेजारी झाकलेली साखरेची वाटी.]

ठरलं ते इतकंच: अकरा घरांत चहा बिनसाखरेचा उकळायचा. साखरेची वाटी आणि चमचा शेजारी ठेवायचा. ज्याला पाहिजे त्यानं घालून घ्यावी, पण कुणी कुणाला आग्रह करायचा नाही. चमचे एकदम शून्यावर आणायचे नाहीत. पंधरा दिवस दीड, पुढचे पंधरा दिवस एक, मग अर्धा. जिभेला सवय लागायला वेळ लागतो. दोन महिन्यांनी आईनं एका लग्नात चहा घेतला आणि तिला तो पाकासारखा लागला.

सकाळचा नाश्ता बदलला. आधी चहा-खारी किंवा गोड बिस्किटं असायची, त्यानं अकरा वाजेपर्यंत पुन्हा भूक. आता मोड आलेल्या मटकीची उसळ, बेसनाचं धिरडं, ज्यांना चालतं त्यांना दोन अंडी. पोटात डाळ, कडधान्य किंवा अंडं गेलं की साखर रक्तात सावकाश चढते आणि सावकाश उतरते. चार वाजताची ती मरगळ आईची पहिल्यांदा गेली, ती या नाश्त्यानं. आकडे नंतर हलले.

जेवताना आधी कोशिंबीर आणि भाजी, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. रात्रीच्या जेवणानंतर सगळ्याजणी पारापर्यंत जाऊन येतात, पंधरा-वीस मिनिटं. जेवणानंतर लगेच चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. कुणी आली नाही तर बाकीच्या दारात उभ्या राहून हाका मारतात. त्या हाका मी रेकॉर्ड केल्यात. ऐका.

[रात्र. गल्लीतल्या हाका. काही क्षण निवेदन नाही.]

एक रात्र मात्र फार वाईट गेली. आक्का अकरा वर्षं शुगरच्या गोळ्या घेतात. एकदा पटल्यावर त्यांनी सगळ्यांपेक्षा जोरात सुरुवात केली. एका रात्री त्यांनी भाकरी सोडली, पण गोळी घेतली. साडेदहाला त्यांच्या सुनेचा फोन आला: आत्यांना दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. आई अनवाणी पळाली. मशीनवर साखर 54 होती. 70 च्या खाली गेली की धोका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग थोडी भाकरी आणि दूध. आक्का सावरल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण कमी केलं आणि समजावलं, की खाणं बदललं की औषधही बदलावं लागतं, आणि ते आधी विचारूनच. तेव्हापासून भिशीत पक्कं झालं. जिला गोळ्या किंवा इन्सुलिन आहे, तिनं खाण्यात काहीही बदलायच्या आधी डॉक्टरांना भेटायचं. हे बघणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून हेच सांगते. आणि साखरेची वाटी आजही प्रत्येक घरात हाताशी असते, ती अशा वेळेसाठी.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी आईसारख्या बॉर्डरवरच्या 531 लोकांवर तीन वर्षं अभ्यास केला होता. तो 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना खाण्याचा आणि चालण्याचा सल्ला वारंवार, पाठपुरावा करून दिला, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. मला त्यातला 'पाठपुरावा' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. चेन्नईत तो डॉक्टरांच्या माणसांनी केला. आमच्या गल्लीत तो दारातून मारलेल्या हाकेनं होतो.

आईचा आकडा आठ महिन्यांनी 5.9 झाला. आक्कांच्या गोळ्या सुरू आहेत आणि राहतील. दोघीजणी मधूनच सोडून गेल्या, त्यातली एक परत आली. पुरणपोळी कुणीच सोडलेली नाही. होळीला एक पोळी, वर तूप, कटाची आमटी, दुपारच्या जेवणातच, आणि त्या दिवशी भात नाही.

[अंगण. फुलांची वाडी भरलेली सून.]

गेल्या पौषात आक्कांच्या धाकट्या सुनेला सातवा महिना लागला. गरोदरपणात साखरेची तपासणी करतात: 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. तिचा आकडा 152 आला. घाबरून तिनं डोहाळजेवणच नको म्हटलं. ताटभर गोड, सगळ्यांचा आग्रह, कुणाकुणाला नाही म्हणायचं?

भिशीतल्या बायकांनी स्वयंपाक वाटून घेतला. कुणी मसालेभात थोडाच केला आणि मटकीची उसळ जास्त. कुणी कोथिंबिरीच्या वड्या, कुणी पनीर भाजून. आक्कांनी स्वतः ताक घुसळलं. ओटीत पाच फळं होती, पण ताटात पेरूच्या चार फोडी. वाढायला आलेल्या परगावच्या मावशींनी जिलेबीचं ताट पुढं केलं, तर आक्का मध्ये उभ्या राहिल्या. 'तिला नगं. मला बी नगं. पोरांकडं जाऊ द्या.'

शेवटी दोन वाट्या उपड्या ठेवल्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. सूनबाईनं हात फिरवला, थांबली, आणि डावीकडची वाटी उचलली.

पेढा.

सगळ्या ओरडल्या. तिनं तो कपाळाला लावला, आणि मांडीजवळ वाट बघत बसलेल्या जावेच्या पोराच्या तळहातावर ठेवला.