पावतीच्या तळाची रक्कम

(दृश्य : दादरची भाजी मंडई, सकाळची वेळ.)

भाजी तोलून झाली, पैसे मोजून झाले आणि पिशवीचे तोंड बंद होण्याच्या आत भाजीवालीने न मागता चार मिरच्या आणि कढीपत्त्याची एक काडी वर टाकली. नेमाने येणाऱ्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याने काही जास्तीचे देण्याचा आपल्याकडचा हा फार जुना रिवाज आहे आणि त्यासाठी कार्ड, मोबाइल क्रमांक किंवा मुदत यांपैकी काहीही लागत नाही. वाण्याच्या दुकानात हीच जागा मुलाच्या हातावर ठेवलेल्या लिमलेटच्या गोळीची होती. त्या गोळीची किंमत मालाच्या भावात धरलेली आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक असे आणि घेणाऱ्यालाही.

(दृश्य : माळ्यावरून उतरवलेली खोकी. काचेचे पेले, चमचे, बादली.)

हे घर ठाण्यातले आहे. सोसायटीत सगळे ज्यांना वहिनी म्हणतात, त्यांनी आमच्या कॅमेऱ्यासाठी हा माळा रिकामा केला. चहाच्या पुड्याबरोबर आलेले पेले, धुण्याच्या पावडरीबरोबर आलेली बादली आणि रिकामी वेष्टने साठवून दुकानात नेऊन दिल्यावर मिळालेला झाकणाचा डबा, असा हा अनेक वर्षांचा ऐवज आहे. यांतील प्रत्येक वस्तूवर त्या काळी ‘मोफत’ असा शब्द छापलेला होता. जी वस्तू फुकट दिल्याचे भासवले जाते, तिची किंमत पूर्णतः किंवा अंशतः व्यवहाराच्या एकूण रकमेतच वसूल केली जात असेल, तर तसे भासवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलेले होते आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. बादली मात्र अजून उत्तम स्थितीत आहे, हेही सांगितले पाहिजे.

(दृश्य : जुन्या कूपनांची पुस्तिका, रबर लावलेली.)

मुंबईतल्या नोकरदार घरांना कूपन म्हटले की आधी ही पुस्तिका आठवेल. कंपनीने जेवणासाठी दिलेल्या आणि करातून सवलत मिळणाऱ्या या कागदी कूपनांवर महिन्याचा किराणा भरण्याची पद्धत इतकी रुळली होती की, ‘येथे सोडेक्सो चालेल’ ही पाटी दुकानाच्या नावाइतकीच ठळक लावलेली असे. कूपनावर सुटे पैसे परत मिळत नसत. त्यामुळे पन्नासाच्या कूपनावर सेहेचाळीस रुपयांची खरेदी झाली की उरलेल्या चार रुपयांसाठी बिस्किटाचा पुडा शोधावा लागे. सवलतीची रक्कम पुरती वापरण्यासाठी यादीबाहेरची वस्तू उचलण्याचा सराव आपल्याला तेव्हापासूनच लागला होता.

(दृश्य : पाकिटातून काढून टेबलावर ओळीने मांडलेली कार्डे.)

कार्डांचे युग त्याच सुमारास सुरू झाले. शॉपर्स स्टॉपने १९९४ मध्ये ‘फर्स्ट सिटिझन’ ही सभासद योजना आणली. २००६ मध्ये ‘आय-मिंट’ ही अनेक दुकानांची सामाईक गुणयोजना निघाली आणि २०११ मध्ये तिचे नाव ‘पेबॅक’ झाले. या सर्व योजनांचे अंतरंग सारखेच असते. समजा, शंभर रुपयांच्या खरेदीवर एक गुण मिळतो आणि एका गुणाची किंमत एक रुपया आहे, तर महिन्याला पाच हजार रुपयांचा माल नेणाऱ्या घराला पन्नास रुपये, म्हणजे शंभराला एक रुपया सूट मिळते. परंतु ही सूट आज मिळत नाही, रोख मिळत नाही आणि योजनेबाहेरच्या दुकानात चालत नाही. जे गुण मुदतीत वापरले जात नाहीत, ते दुकानाच्या खात्यावरील देण्यातून वजा होतात. विसरभोळ्या गिऱ्हाइकाच्या जिवावर चोख गिऱ्हाइकाला सूट द्यावी, अशी ही रचना आहे. बदल्यात दुकानाला आपण कोणत्या आठवड्यात काय घेतो याची तपशीलवार नोंद मिळते. तिचे पुढे काय होते, तो या चित्रफितीचा विषय नाही.

(दृश्य : पावती. कॅमेरा सावकाश तळाकडे येतो.)

आता ही पावती पाहा. तळाशी ठळक अक्षरांत लिहिले आहे की, आज आपण ४१२ रुपये वाचवले. ही रक्कम छापील कमाल किरकोळ किमतीतून दिलेली किंमत वजा करून काढलेली असते. सर्व करांसह कमाल किंमत वेष्टनावर छापण्याची सक्ती १९९० मध्ये झाली, कारण त्यापूर्वी ‘स्थानिक कर जादा’ या तीन शब्दांच्या आडून दुकानदार हवी ती रक्कम मागू शकत असे. ग्राहकाला लुबाडले जाऊ नये म्हणून घातलेली ती वरची मर्यादा होती. आज तीच सवलत मोजण्याचा पाया झाली आहे. आणि ज्या वस्तूची छापील किंमत मुळातच चढी ठेवलेली आहे, तिच्यावर मोठी बचत दाखवणे कोणालाही जमते. शेजारच्या दुकानात ती वस्तू केवढ्याला मिळाली असती, हे पावती सांगत नाही.

(दृश्य : वहिनींची वही. पाने उलटताना.)

ते ही वही सांगते. लाल पुठ्ठ्याच्या या साध्या वहीत प्रत्येक वस्तूला एक पान आहे आणि प्रत्येक पानावर तारीख, दुकान, वजन, छापील किंमत, प्रत्यक्ष दिलेले पैसे आणि शेवटी किलोचा किंवा लिटरचा भाव, असे रकाने आखलेले आहेत. शेवटचा रकाना वहिनी लाल शाईने भरतात, कारण त्यांच्या मते बाकीचे सर्व रकाने त्या एका आकड्यासाठी आहेत. ‘वीस टक्के जादा’ असे लिहिलेल्या पुड्याचा भाव प्रत्यक्षात वीस नव्हे, तर साधारण सतरा टक्क्यांनी उतरतो. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे तिसरा हिस्सा सूट खरी, परंतु ती तीन नग संपवणाऱ्या घरालाच लागू पडते. ‘मोठा पुडा स्वस्त’ हा समज तर या वहीत पानोपानी खोटा ठरला आहे. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरच्या हिशेबाने बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्त पडते, आणि वहिनींच्या न्हाणीघरात म्हणूनच पुड्यांची माळ टांगलेली दिसते.

अशी वही सर्वांना ठेवता येणार नाही, हे उघड आहे. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या दुरुस्तीने पुड्यावर एकूण किमतीबरोबर ग्रॅम, किलो, मिलिलिटर किंवा लिटर यांमागची किंमतही छापण्याची तरतूद केली, तेव्हा वहिनींच्या लाल रकान्यालाच जणू सरकारी मान्यता मिळाली. अडचण एवढीच की, हा आकडा आता पुड्यावर असूनही तो वाचायला बहुतेकांना चष्मा पुसावा लागतो.

(दृश्य : फळीसमोर वहिनी, हातात मोबाइल. फोनच्या पडद्यावर कूपन.)

कूपन वापरण्याचीही वहिनींची एक शिस्त आहे. आधी यादी, मग दुकान आणि सर्वांत शेवटी कूपन. पंधराशेच्या खरेदीवर शंभर रुपये सूट देणारे हे कूपन उघडले, तेव्हा त्यांच्या यादीची बेरीज १२२० रुपये होत होती. आणखी २८० रुपयांचा माल घेतला तर १४०० रुपये द्यावे लागणार, म्हणजे १८० रुपये जास्त मोजून २८० रुपयांच्या वस्तू घरात येणार. त्या वस्तू साबण, मीठ, काडेपेटी अशा टिकणाऱ्या आणि पुढच्या महिन्यात घ्याव्याच लागणाऱ्या असतील तर हिशेब फायद्याचा आहे, आणि चटपटीत खाण्याच्या असतील तर तोट्याचा. शिवाय तेल, साखर, तांदूळ, डाळी यांना कूपन लागू नाही, अशी बारीक अक्षरांतील ओळ पुष्कळदा तळाशी असते. घरखर्चाचा मोठा भाग नेमका याच वस्तूंवर होतो. वहिनींनी धुण्याचे साबण घेऊन बेरीज पुरी केली.

(दृश्य : गच्चीवर वाळत घातलेला गहू. डाळीला एरंडेल चोळणारे हात.)

तांदूळ, गहू आणि तूरडाळ यांसाठी वहिनी कूपनाची वाट पाहतच नाहीत. नवा माल बाजारात आला की उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवायचे, ऊन दाखवायचे, डाळीला एरंडेलाचे बोट लावायचे आणि डबे घट्ट बंद करायचे, हा त्यांच्या आईपासून चालत आलेला परिपाठ आहे. एरंडेल इतके थोडे लागते की तळहात नुसता ओलसर दिसतो; जास्त झाले तर डाळ शिजायला वेळ लावते, म्हणून हे काम त्या दुसऱ्या कोणाला देत नाहीत. यासाठी घरात जागा लागते आणि हातात एकरकमी पैसा लागतो, जो प्रत्येकाकडे नसतो.

(दृश्य : नायगाव, अपना बाजारची पाटी.)

जिथे एका घराची ऐपत संपते, तिथे अनेक घरांनी एकत्र येण्याचा विचार जुना आहे. इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ मध्ये २८ जणांनी मिळून दुकान काढले आणि नफा भांडवलावर न वाटता ज्याने जितकी खरेदी केली तितक्या प्रमाणात परत करण्याचा नियम घातला. आजच्या गुणयोजनांची जातकुळी तिथवर जाते. फरक एवढाच की, तिथे दुकान गिऱ्हाइकांच्याच मालकीचे होते. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये जी ग्राहक सहकारी संस्था सुरू केली, तीच पुढे अपना बाजार म्हणून घरोघरी पोहोचली. या संस्थेच्या नेरुळ येथील शाखेची फ्रँचायझी १९९९ मध्ये राधाकिशन दमाणी यांनी घेतली आणि २००२ मध्ये पवई येथे डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. गुणांची कार्डे वाटण्याऐवजी किंमतच कमी ठेवायची, भाडे वाचवण्यासाठी शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान थाटायचे आणि पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घ्यायचा, ही त्यांची रीत सर्वश्रुत आहे. सूट पुढे ढकलून देण्यापेक्षा फळीवरच देणे अधिक सरळ आहे, हे आमचे मत.

(दृश्य : इमारतीचे वाहनतळ. टेम्पोतून उतरणारी खोकी, वजनकाटा, याद्या.)

आणि हे मुंबई ग्राहक पंचायतीचे मासिक वाटप. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने आणि संगीतकार सुधीर फडके यांच्यासारख्यांच्या सहभागाने १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या या संस्थेचे मूळ एकक दुकान नसून संघ आहे. शेजारची काही कुटुंबे संघ करतात, प्रत्येक घर आपली मागणी महिनाभर आधी पत्रकावर भरते आणि पैसेही आधीच देते. सर्व संघांच्या मागण्यांची बेरीज झाली की तेवढाच माल घाऊक भावाने एकत्र घेतला जातो आणि ठरलेल्या दिवशी संघाच्या दारी पोहोचतो. विक्री न झालेला माल उरत नाही, चौकातल्या जागेचे भाडे नाही, जाहिरात नाही, उधारी नाही, आणि म्हणूनच कूपन देण्याची गरजही नाही.

पुढची कामे सभासदांची. ही खोकी फोडणारे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी आहेत, यादी मोठ्याने वाचणारी मुलगी महाविद्यालयात शिकते, आणि काट्यापाशी वहिनी आहेत. पोह्यांची पाकिटे मोजली जातात, एका घराची चणाडाळ दुसऱ्याच्या पिशवीत गेलेली परत काढली जाते, कमी आलेल्या नगाची नोंद पत्रकाच्या समासात होते. कोणाचा गूळ मागच्या वेळी ओलसर निघाला होता, याची चर्चा इथे उघडपणे होते आणि ती तक्रार वर कळवली जाते. हवी ती छाप मिळेलच असे नाही, मनात आले म्हणून आज मागवता येत नाही, आणि सकाळचे दोन तास द्यावे लागतात. ज्यांना हे जमले नाही, ती घरे संघ सोडून गेली.

या सगळ्यात कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाणारी महिन्याची मोठी यादी केव्हाच गेली, सुटी खरेदी आणि उधारी तेवढी उरली.

(दृश्य : भरलेली पत्रके गोळा करणारे हात.)

पुढील महिन्याची पत्रके याच वेळी गोळा होतात, कारण एकदा बेरीज वर गेली की मागणीत बदल करता येत नाही. या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या दोन घरांनी आज चौकशी केली आणि त्यांना कोरी पत्रके देण्यात आली. पहिल्या महिन्यात मोजक्याच वस्तू मागवाव्यात आणि त्यांचा किलोचा भाव आपल्या नेहमीच्या दुकानाशी ताडून पाहावा, असे वहिनींनी त्यांना सुचवले आहे.