मुंबई खणली तर

(दृश्य: घोड नदीचा काठ)

इनामगाव, जिल्हा पुणे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून इथं बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. तान्ही मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत. मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेला, पावलं तोडलेली. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून तोडली असावीत, असा तर्क झाला. विचारायला कोणी उरलं नव्हतं.

(दृश्य: मरीन लाइन्स, लोकलच्या खिडकीतून)

आता तेवढीच वर्षं पुढे जाऊ. मुंबईत कोणीतरी खणतंय.

चंदनवाडीच्या स्मशानात त्यांच्या हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. चितेत हाडांमधला डीएनए जळून जातो. उरलेल्या अस्थी समुद्रात, नाहीतर थेट नाशिकला रामकुंडात. डुंगरवाडीवर तर पारशी पुरतच नाहीत. सापडतील ते बडा कब्रस्तानातले, शिवडीच्या सिमेट्रीतले, वरळीच्या ज्यू दफनभूमीतले. तेही बरेचसे सरमिसळ झालेले, कारण जागेअभावी बऱ्याच कबरी पुन्हा पुन्हा उघडल्या जातात.

आणि हिंदू? त्यांची सापडतील बहुतेक बाळंच. दात न आलेलं मूल आपण जाळत नाही, पुरतो. मोठ्यांचा पत्ता नाही आणि पोरंच पोरं! कुणी हुशार माणूस बालबळीचा सिद्धांत मांडेल, त्यावर पीएचडीही मिळवेल. हसू नका. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्राचीन शहरातल्या बाळांच्या अस्थींवरून हाच वाद आजही चालू आहे.

इनामगावात एक माणूस चार पायांच्या रांजणात बसलेला मिळाला. त्याची पावलं शाबूत होती, म्हणून तो गावचा प्रमुख ठरला. आपल्याकडे लिंगायत मृताला बसवूनच पुरतात, हातात इष्टलिंग देऊन. त्या हिशेबानं ते सगळेच राजे.

(दृश्य: दातांचा एक्स-रे)

काळ ठरवतानाही फजिती आहेच. किरणोत्सारी कार्बन जितका जास्त उरलेला, तितका सांगाडा नवा, असा तो हिशेब. अणुचाचण्यांमुळे १९६० च्या दशकात हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला आणि तेव्हा वाढणाऱ्या पोरांच्या दातांत जाऊन बसला. ही गोष्ट लक्षात न घेता कोणी मोजणी केली, तर ही माणसं अजून जन्मालाच यायची आहेत, असं उत्तर येईल. त्यापेक्षा बदललेला गुडघा बरा. धातू टिकतो, त्यावर क्रमांकही कोरलेला असतो.

मग लागेल २०२० चा थर. कोविडमध्ये गेलेली माणसं, प्लॅस्टिकच्या बंद पिशव्यांमध्ये. बाकीचे साध्या कफनात किंवा लाकडी पेटीत, आणि हे न कुजणाऱ्या वेष्टनात. मानाचे मृत कोण, असा प्रश्न आला की बोट यांच्याकडेच जाईल. यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरच्यांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. हाडांवरून ते कळायचं नाही.