आधी पायथा बघा: ग्रीक, एट्रुस्कन आणि रोमन देवळं

प्राचीन देऊळ दिसलं की नजर आधी खांबांकडे जाते. पण ते कोणाचं, हे पायथाच जास्त खात्रीनं सांगतो.

हे अथेन्सचं ग्रीक देऊळ, पार्थेनॉन. काम सुरू झालं इ.स.पू. 447 मध्ये. पायऱ्या चारही बाजूंनी, खांबही चारही बाजूंनी: समोर 8, कडेला 17. म्हणजे देऊळ बाहेरून, फिरून पाहायचं. खांब अखंड नाहीत. संगमरवराचे गोल तुकडे एकावर एक रचलेत, मध्ये चुना अजिबात नाही. सांधा घट्ट बसावा म्हणून तुकड्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. उभ्या पन्हळी कोरल्या त्या खांब उभा राहिल्यावर. भिंतीतले दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडले आणि त्यांवर शिसं ओतलं, ओल आत जाऊ नये म्हणून. 20व्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत हे शिसं वगळलं गेलं. लोखंड गंजलं, फुगलं आणि अडीच हजार वर्षं टिकलेला संगमरवर तडकला. आता तिथे टायटॅनियम आहे.

इटलीत रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांनी वेगळी वाट धरली. उंच जोतं, पायऱ्या फक्त समोर, पुढे खोल ओसरी, मागे गाभारा. भिंती कच्च्या विटांच्या, खांब आणि तुळया लाकडाच्या. पावसापासून त्या वाचाव्यात म्हणून छप्पर बरंच बाहेर काढलेलं, तुळयांवर भाजक्या मातीच्या रंगीत फरशा ठोकलेल्या. लाकूड कुजून गेलं; हाती उरली जोती आणि ही माती. पण काय माती! वेई या एट्रुस्कन शहरातला हा अपोलो देव बघा, इ.स.पू. 510च्या सुमाराचा. पुरुषभर उंचीची मूर्ती, आतून पोकळ. जाडी कमीजास्त झाली तर भट्टीत तडा जातो, म्हणूनच एवढी मोठी मूर्ती भाजणं फार अवघड. तोल राहावा म्हणून पायांमध्ये नक्षीदार टेकू आहे. अशा मूर्ती छपराच्या आढ्यावर उभ्या असत.

फ्रान्समधल्या नीमचं हे रोमन देऊळ, मेझाँ कारे. खांब ग्रीक धाटणीचे, कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले. जोतं मात्र जवळपास 3 मीटर उंच, पायऱ्या समोरच: मांडणी सरळसरळ एट्रुस्कन. कडेचे बहुतेक खांब तर भिंतीत अर्धे रुतलेले, निव्वळ शोभेचे.

रोमनांची स्वतःची झेप काँक्रीटची. रोमच्या पँथिऑन देवळाचा घुमट 43.3 मीटर रुंद, आत सळई नाही. खाली जड दगडाची खडी, वर जाताना हलकी, माथ्याजवळ प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड. घुमटाची जाडीही वर कमी होत जाते. तरी खालच्या भागात उभ्या भेगा आहेत, कारण काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही. घुमट तिथे बाहेर रेटतो आणि तो रेटा सुमारे 6 मीटर जाडीची भिंत पेलते.