तिथीची पाऊणपट

[अंधार. इंजिनाचा आवाज. बोटीवर एकच दिवा.]

वेसाव्याची खाडी. मध्यरात्र उलटून गेलीय. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, घड्याळ पाहिलेलं नाही. संध्याकाळी त्याने फक्त तिथी विचारली होती. आज तीज. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला पाणी पुरतं भरणार, त्याआधी बोट जाळ्याशी पोचायला हवी.

[तांडेलाचा हात. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय.]

चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊणपटीचा हा हिशेब त्यावरच बसलेला. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. मिनिटाचा काटा यात नाही. वारा जोराचा असला तर पाणी थोडं मागेपुढे होतं, तो फरक तांडेल मनातच धरतो. शाळेत न गेलेल्या माणसांनी हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळलंय. आम्ही याला विज्ञानच म्हणतो.

[खुंटाला बांधलेली डोल. पाण्याची ओढ.]

ही डोल. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं, पिशवीसारखं निमुळतं जाळं. ते माशामागे धावत नाही. पाण्याची ओढ तोंडातून आत शिरते, तिच्यासोबत बोंबील, जवळा, करंदी. ओढ जोरात असताना ते उचलणं माणसाच्या ताकदीबाहेरचं. भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी थोडा वेळ उभं राहतं. हात चालवायचे ते तेवढ्यातच. वेळ चुकली, तर पुढचं पाणी थांबेपर्यंत सहा तास.

पुनवेला आणि अवसेला उधाण. सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. उधाण सरून अष्टमीकडे आलं की भांग. पाण्यात जोरच नसतो. मग जाळी किनाऱ्यावर येतात, वाळतात, सांधली जातात. कोळीवाड्यातला कामाचा आणि विसाव्याचा दिवस असा चंद्र ठरवतो.

[बांबूच्या वलांडीवर बोंबील. बायकांचे हात.]

जोडीजोडीने जबडे अडकवून बोंबील टांगले जातात. जमिनीवरून येणारा कोरडा मतलई वारा सुटला, की बायका बरोबर ओळखतात. दमट खारा वारा वेगळा, तो त्यांना गालावर कळतो.

[किनाऱ्यालगतचा भराव. खाडीतलं काळं पाणी. रिकाम्या टोपल्या.]

भराव वाढले, सांडपाणी आलं, मासळी आटली, बरीच पोरं नोकरीला लागली.

[पुन्हा बोट. पाणी उभं राहिलंय.]

डोल वर येतेय. नातू नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला बसलाय, पाण्यात हात बुडवून ओढ थांबलेली बघतोय. त्याला कुणी शिकवायला बसलं नाही. तो सातव्या वर्षापासून बोटीत नुसता बसतोय आणि ऐकतोय.

आजा जाळ्यावरून नजर न काढता विचारतो, "उद्या कधी?"

नातू पेरं मोजतो. उद्या चौथ.

"तीनला."