आमवाताचा दाह मोजताना

आमवात या सांधे सुजवणाऱ्या दीर्घकालीन आजारात दाह किती आहे, हे वेगवेगळ्या चाचण्यांनी मोजतात. काचेच्या या अरुंद नळ्या अगदी सरळ उभ्या केलेल्या आहेत. त्यांत गोठू नये म्हणून सोडियम सायट्रेट मिसळलेले रक्त असून पुढचा तासभर त्यांना कोणीही हात लावणार नाही; नळी जराशी कलली तरी पेशी लवकर खाली घसरतात आणि आकडा उगाच वाढतो. तांबड्या पेशी खाली बसत जातात आणि वर फिकट पिवळा रक्तद्रव मोकळा होतो. तासाभराने मोजलेली त्याची मिलिमीटरमधील उंची म्हणजे ईएसआर. स्वीडिश डॉक्टर आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

दाह वाढला की यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन अधिक तयार करते. एरवी एकमेकींपासून दूर राहणाऱ्या तांबड्या पेशी त्यामुळे नाण्यांच्या चळतीसारख्या एकीवर एक चिकटतात आणि वजनाने लवकर बसतात. मात्र रक्तक्षय, वाढते वय आणि गर्भारपण यांमुळेही ईएसआर वाढतो, आणि दाह ओसरल्यावरही तो खाली यायला वेळ लागतो.

शेजारच्या यंत्रात सीआरपी हे दाहाबरोबर रक्तात वाढणारे प्रथिन मोजले जात आहे. नमुन्यात सीआरपीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा लेप असलेले सूक्ष्म कण मिसळतात. सीआरपी जितके जास्त, तितके कणांचे पुंजके अधिक आणि द्रव अधिक गढूळ. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना १९३० मध्ये आढळलेले हे प्रथिन इंटरल्यूकिन-६ या दाहाचा संदेश पोहोचवणाऱ्या रेणूच्या इशाऱ्यावर यकृतात बनते. सुमारे १९ तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होत असल्यामुळे औषधाचा परिणाम त्यात लवकर उमटतो.

ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे काम वेगळे आहे. निदानासाठी आणि आजार पुढे किती तीव्र होऊ शकेल याच्या अंदाजासाठी त्या चाचण्या मोलाच्या आहेत. पण आज दाह किती आहे हे त्यांवरून ठरत नाही, त्यामुळे दर भेटीत त्या पुन्हा करून घेण्यात अर्थ नाही.

आता डॉक्टरांच्या अंगठ्याकडे पाहावे. सांधा दाबताना त्यांचे स्वतःचे नख पांढरे पडते; दाब तेवढाच असावा लागतो. खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे आणि दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे असे २८ सांधे तपासून दुखरे किती, सुजलेले किती हे वेगवेगळे नोंदवले जाते. त्यांत रुग्णाने स्वतः सांगितलेली तब्येत आणि ईएसआर किंवा सीआरपी मिळवून डीएएस-२८ हा आजाराची तीव्रता दाखवणारा निर्देशांक काढतात. ईएसआरवर आधारलेला निर्देशांक २.६ च्या खाली असेल तर आजार शमलेला आणि ५.१ च्या वर असेल तर तीव्र समजतात. पावलांचे सांधे या २८ मध्ये येत नाहीत, म्हणून पायमोजे काढून तेही पाहिलेच पाहिजेत.

रक्ताच्या आकड्यावर एकट्याने विसंबता येत नाही, हे या पडद्यावर स्पष्ट दिसते. सीआरपी सामान्य असलेल्या व्यक्तीच्या मनगटाची ही सोनोग्राफी आहे, आणि सांध्याच्या अस्तरातला हा लालकेशरी भाग म्हणजे तेथे वाढलेला रक्तप्रवाह. आमवातावरचे टोसिलिझुमॅब हे औषध सुरू असेल तर अधिकच जपावे लागते, कारण ते औषध इंटरल्यूकिन-६ चा मार्गच रोखते आणि सांध्यांत सूज शिल्लक असतानाही सीआरपी जवळपास नाहीसे होऊ शकते. कॅलप्रोटेक्टिन व एमएमपी-३ या प्रथिनांच्या चाचण्या आणि १२ प्रथिनांची एकत्रित चाचणी हे पर्याय अभ्यासले गेले आहेत. सांध्यांच्या प्रत्यक्ष तपासणीची जागा त्यांपैकी एकानेही घेतलेली नाही.

दाह तसाच राहिला तर हाडे झिजतात, सांधे वाकडे होतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. आजार सक्रिय असताना दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी करावी, आणि तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा सहा महिन्यांत उद्दिष्ट गाठले गेले नाही तर उपचार बदलावेत, असे यूलार या युरोपीय संधिवात संघटनेच्या शिफारशी सांगतात.