चिऊचं तादाइमा

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला.

दोनचा कार्यक्रम दोन पन्नासला सुरू झाला, म्हणजे आपण अजून अस्सल मराठी आहोत याची खात्री पटली. हॉल मात्र वॉर्डाचा आहे. पाचला म्हणजे पाचला, झाडून, खुर्च्या जागच्या जागी लावून परत द्यायचाय. तेव्हा मला दिलेल्या दहा मिनिटांची मी फार तर पंधरा करीन.

विषय ठरला होता 'तान्ह्या बाळाबरोबर जपानमधली अडीच वर्षं'. मी टिपणंही काढली होती. बाहुल्यांचा सण, माशांच्या पताका, देवळं, बागा, सगळं अनुक्रमाने. ती टिपणं घरी ठेवून आलेय. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या दारात एक शब्द पडला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

झालं असं, की दिराच्या लग्नासाठी आम्ही तीन आठवडे पुण्याला गेलो होतो. परत आलो ते नारिता विमानतळावरून, सकाळी, चार बॅगा ओढत. त्यातली एक नुसती भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला. दार उघडलं. आमची चिऊ गेनकानमध्ये, म्हणजे दारातल्या बूट काढायच्या जागेत, खाली बसली, बूट काढले, टोकं दाराकडे करून जोडीने लावले आणि तीन आठवडे बंद असलेल्या त्या थंडगार घराकडे तोंड करून जोरात ओरडली, "तादाइमाऽऽ!"

इथवर काहीच बिघडलं नव्हतं. पण पोचलं की फोन करायचा हा आमच्या घरचा नियम, आणि मी अतिशहाणपणा करून व्हिडिओ कॉल लावून फोन बुटांच्या कपाटावर उभा ठेवला होता. पुण्यात सकाळचे साडेसात. सासूबाई चहाचा कप हातात घेऊन बघत होत्या.

"काय म्हणाली गं ती?"

मी म्हटलं, "तादाइमा, आई. म्हणजे 'आले मी घरी'."

त्या म्हणाल्या, "असं होय." मग थोडं थांबून, "इथे नाही म्हणाली कधी."

खरंच नव्हती म्हणाली. तीन आठवड्यांत आम्ही त्या घरी शंभर वेळा बाहेरून आलो असू. तुळशीबागेतून, पर्वतीवरून, कार्यालयातून. प्रत्येक वेळी ती दारात थांबायची, बूट नीट लावायची आणि गप्प आत यायची. पाहुण्यासारखी. मला वाटलं होतं, काय गुणी पोर आहे!

फोन ठेवल्यावर आमच्याकडे जे झालं ते सगळं सांगत नाही. नवरा म्हणाला, "भाषांतर करायची काय गरज होती? 'दमले' म्हणतेय असं सांगायचं." मी म्हटलं, "दोनच वर्षांसाठी जाऊ, तिला काही कळणारसुद्धा नाही, हे कोण म्हणालं होतं?" त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात फक्त चिऊ बोलत होती. तेही जपानी.

तुम्हाला हे शब्द मी काय सांगू, भिंतीपलीकडून रोज ऐकता. निघताना 'इत्ते किमास', म्हणजे जाऊन येते. मागे राहणाऱ्याने म्हणायचं 'इत्ते राश्शाई', जाऊन ये. परत आल्यावर 'तादाइमा', शब्दशः 'आत्ताच'. आणि घरातून उत्तर, 'ओकाएरी'. मला पहिल्या महिन्यातच हे आवडलं, कारण आमची आजी कुणाला 'जातो' म्हणू द्यायची नाही. "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." पेन्सिल आणायला वाण्याकडे निघालं तरी 'येते'. समुद्रापलीकडे आणखी कुणाच्या तरी आज्या असंच म्हणतात हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ओकाएरीला मात्र आपल्याकडे जोड नाही. आपलं ओकाएरी म्हणजे, "आलीस? हातपाय धू आधी."

आम्ही आलो तेव्हा चिऊ चार महिन्यांची होती. मला जपानी येत नव्हतं आणि तिला कुठलीच भाषा येत नव्हती, त्यामुळे आमची बरोबरी होती. सगळे म्हणाले टोकियोत निशी-कासाईला घर घ्या, तिथे आपली माणसं आहेत, डाळ मिळते. घेतलं. शेजारी एक एकट्या राहणाऱ्या आजी. आल्या आल्या भेट घेऊन शेजाऱ्यांना नमस्कार करायचा असतो म्हणून आम्ही डबाभर चिवडा नेऊन दिला. चार दिवसांनी डबा परत आला तो संत्र्यांनी भरून. रिकामा डबा परत करायचा नसतो हे त्यांना कुणी शिकवलं असेल? त्या दिवसापासून आमची भाषेवाचून मैत्री झाली.

पाचव्या महिन्यात चिऊचं उष्टावण केलं. मुलीचं विषम महिन्यात, हे तुम्हाला माहीतच आहे. मामा पुण्यात, त्यामुळे त्याने तिकडून स्क्रीनला चमचा लावला आणि मी इकडे सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली. शेजारच्या आजी हे बघून हरखल्याच. त्यांच्याकडे बाळाला शंभर दिवस झाले की हाच समारंभ, नाव ओकुइझोमे. त्या घरी गेल्या आणि एक गुळगुळीत दगड घेऊन आल्या. चॉपस्टिकचं टोक आधी दगडाला आणि मग बाळाच्या हिरड्यांना लावायचं, म्हणजे दात दगडासारखे होतात. दगड कुठल्याशा देवळातून मागून आणलेला असावा असं मला वाटलं. तो परत नेऊन ठेवायचाय, एवढं त्यांनी मला खुणांनी चारचारदा सांगितलं. पहिल्या वाढदिवसाला त्यांनी सुचवलं इश्शो मोची. मोचीचा, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचा, साधारण पावणेदोन-दोन किलोचा गोळा बाळाच्या पाठीला बांधायचा. 'इश्शो' म्हणजे एक शो, हे धान्याचं जुनं माप, आणि तसाच उच्चार 'अख्खं आयुष्य' याचाही. आयुष्यभर खायला कमी पडू नये, हा हेतू. मी कंजुषी केली आणि दोन किलो सोनामसुरीची पिशवी ओढणीने बांधली. चिऊ उठली, डुलली, धपकन बसली आणि भोकाड पसरलं. मी म्हणणार, "अगं बाई, दृष्ट लागली", तर आजी टाळ्या पिटतायत. मूल उभं राहिलं तरी शुभ आणि पडलं तरी शुभ. हा हिशोब आपण का नाही लावला कधी?

त्यांना आपलं बोरन्हाणही दाखवलं. बोरं कुठली इथे! चुरमुरे, हलवा आणि बोरांच्या जागी चेरी टोमॅटो. आजींनी सोफ्याखाली गेलेला एक टोमॅटो हुडकून काढला, रुमालात बांधला आणि प्रसादासारखा घरी नेला.

आणि ती दीड वर्षाची तपासणी! बोशी तेच्यो, आई-बाळाची ती वही, १९४८ पासून हे लोक प्रत्येक बाळासाठी देतायत. तिच्यात प्रत्येक वयासाठी प्रश्न असतात. दीड वर्षाच्या पानावर विचारतात, मामा, बूबू असे अर्थ असलेले काही शब्द बोलतं का? मी आनंदाने 'हो'वर गोल केला. केंद्रात नर्सबाईंनी चित्रांचा तक्ता समोर धरला आणि गोड आवाजात विचारलं, "बूबू वा दोरे?" यातलं बूबू कुठलं? चिऊने क्षणाचाही विलंब न लावता कुत्र्यावर बोट ठेवलं.

तुम्ही हसलात. नर्सबाई नाही हसल्या. त्यांच्याकडे बूबू म्हणजे मोटार. त्यांनी पुन्हा विचारलं, चिऊने पुन्हा कुत्रा दाखवला, जरा ठासून. बाई काहीतरी लिहायला लागल्या तशी माझ्या पोटात गोळा आला. आमच्या भाषेत भूभू म्हणजे कुत्रा, हे सांगायला लागणारं जपानी माझ्याकडे नव्हतं. मग मी भुंकून दाखवलं. एम.एस्सी. झालेली बाई, वीस आया आणि वीस बाळांसमोर. मान्मा म्हणजे मंमं, नेन्ने म्हणजे निन्नी, एवढं जुळत असताना नेमकं भूभूने घात करावा?

त्या दिवशी मी हसत घरी आले आणि रात्री घाबरले. पुढच्या एप्रिलपासून चिऊला होइकुएनमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, घातलं. मीही कामाचा परवाना काढून त्यात मिळणाऱ्या आठवड्याच्या २८ तासांत बसेल इतकं काम सुरू केलं. वर्ष फिरायच्या आत चिऊचं बूबू म्हणजे मोटार झालं. कुत्रा आता वानवान. भूभू कधी गेलं मला कळलं नाही. पहिलं पाऊल, पहिला दात मी त्या वहीत लिहून ठेवलाय. भूभू कुठल्या तारखेला गेलं ते लिहिलेलं नाही.

आता थोडं कडू बोलते, तिळगूळ आधी दिलाय.

आपण सगळे इथे तात्पुरते आहोत. मी अडीच वर्षांची तात्पुरती, समोर बसलेल्यांत बारा वर्षांचे तात्पुरतेही आहेत. तात्पुरते म्हणून पडदे लावायचे नाहीत, तात्पुरते म्हणून कांजी, ती जपानी चित्रलिपी, शिकायची नाही, शेजाऱ्याचं नाव विचारायचं नाही. आपल्या ग्रुपवर दिवसभर काय चालतं? कढीपत्ता कुणाकडे आहे, येनचा भाव काय, कोण पुण्याहून येतंय आणि किती किलो आणू शकेल. आपल्यातलाच एक पुराणिक २०१९ मध्ये आपल्या एदोगावा वॉर्डाच्या नगरसभेवर निवडून गेला, तेव्हा आपण अभिमानाचे मेसेज फिरवले. आपल्या मजल्यावरच्या माणसाला मात्र अजून 'ते ४०२ वाले'च म्हणतो. मी याला अपवाद नाही हं. आजींचं आडनाव मी आठ महिन्यांनी वाचू शकले, तेही पोस्टमनने त्यांचं पत्र आमच्या पेटीत टाकलं म्हणून.

आणि तिकडे गेलं की आपणच 'आमच्या जपानमध्ये'! या खेपेला लक्ष्मी रोडवर हिरव्या दिव्याची वाट बघत मी एकटी उभी होते. मागून एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, तो दिवा गणपतीपासून बंद आहे."

मोठी माणसं तात्पुरती राहू शकतात. बॅग भरलेली ठेवून दहा-दहा वर्षं काढू शकतात. बाळाला ते येत नाही. त्याला जिथे बूट काढून ठेवले ते घर. आपल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं होतं की हे आपलं नाही, जीव लावू नका. मी नाही सांगितलं. तुम्ही कुणी सांगितलंत का? आणि सांगायचं असतं तर कुठल्या भाषेत?

मार्चअखेरीला आमचा करार संपतोय. पुढच्या आठवड्यात सेत्सुबुनचा सण. होइकुएनमध्ये शिक्षिका राक्षसाचा मुखवटा घालून येणार, मुलं रडत रडत तिच्यावर सोयाबीन फेकणार. चिऊ घरी सराव करते. 'ओनी वा सोतो, फुकु वा उची', राक्षस बाहेर, भाग्य आत. उची म्हणजे आत, आणि उची म्हणजे आपलं घरसुद्धा. ती दारात उभी राहून फुटाणे फेकते आणि मी मागून केर काढते. शेजारच्या आजींना आम्ही जाणार हे अजून सांगितलेलं नाही. त्यांचा एक डबा माझ्याकडे आहे. तो कशाने भरून द्यायचा ते मला सुचत नाहीये.

सासूबाईंनी मात्र त्या दिवशीनंतर तादाइमाचा विषय काढला नाही. परवा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "ते उत्तर काय असतं गं? कुणी तादाइमा म्हटलं की?" मी सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. "ओ-का-ए-री. बरोबर म्हणतेय ना? मार्चपर्यंत पाठ होईल." त्या दोन-तीनदा मोठ्याने म्हणाल्या. चिऊ शेजारीच खेळत होती. आवाज ऐकून तिने ठोकळे टाकले, उठली आणि कोण आलं ते बघायला आमच्या दाराकडे पळाली.