विजेच्या इशाऱ्यावर वळणारा स्पिन

डेल्फ्ट, नेदरलँड्स. लॅबमध्ये वरून खाली लोंबणारा हा जो उंच प्रकार दिसतोय तो डायल्यूशन फ्रीज, म्हणजे हेलियमच्या मिश्रणावर चालणारा अतिथंड फ्रीज, आणि त्याच्या अगदी तळाशी, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम काही मिलिकेल्विन वर, नखाएवढी एक चिप बसवलेली असते. असा फ्रीज पहिल्यांदा चालला तो इथून जवळच लायडनला, १९६४ मध्ये. आणि त्याच लायडनला १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे तो जणू एक इवलासा चुंबकच असतो, हे मांडलं होतं.

आता चिप जवळून बघू. वर धातूचे बारीक बारीक गेट आहेत, त्यांना निगेटिव्ह व्होल्टेज दिलं की खालच्या थरातले इलेक्ट्रॉन बाजूला ढकलले जातात आणि मधे शंभरएक नॅनोमीटरच्या आतबाहेरची जागा उरते, तिथे एकच इलेक्ट्रॉन कोंडून ठेवता येतो. हाच क्वांटम डॉट. १९९८ मध्ये डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेन्झो यांनी सुचवलं की या कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन वर की खाली, यालाच क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, माना.

ठीक आहे, पण स्पिन वळवायचा कसा? सरळ उपाय म्हणजे डॉटशेजारून तार न्यायची, तिच्यात हाय फ्रिक्वेन्सी करंट सोडायचा आणि त्याच्या मॅग्नेटिक फील्डने स्पिन फिरवायचा. डेल्फ्टच्या ग्रुपने २००६ मध्ये हे करून दाखवलं. पण करंट म्हणजे उष्णता, इतक्या थंडीत ती परवडत नाही, आणि मॅग्नेटिक फील्ड एका डॉटपुरतं थांबतही नाही, शेजाऱ्यालाही लागतं.

इलेक्ट्रिक फील्डचं तसं नाही, ते एका गेटपुरतं ठेवता येतं. अडचण एकच, स्पिनला ते थेट कळतच नाही. इथे स्पिन-ऑर्बिट इंटरॅक्शन कामाला येतं. इलेक्ट्रॉन इलेक्ट्रिक फील्डमधून पळतो तेव्हा त्याच्या बाजूने पाहिलं तर चार्जच त्याच्याभोवती हलत असतो, आणि हलणारा चार्ज म्हणजे मॅग्नेटिक फील्ड, जे स्पिनला बरोबर जाणवतं. गॅलियम आर्सेनाइड, म्हणजे या चिपसाठी वापरला जाणारा सेमीकंडक्टर, याच्या क्रिस्टलमध्ये दोन्ही बाजू सारख्या नसतात, त्यातून हा परिणाम कसा येतो ते ड्रेसेलहाउस यांनी १९५५ मध्ये दाखवलं, आणि थरांच्या रचनेतच असमानता असेल तर जो परिणाम येतो तो राश्बा यांच्या नावाने ओळखला जातो.

मग २००७ मध्ये डेल्फ्टमध्येच गेटवर व्होल्टेज वेगाने वरखाली करून इलेक्ट्रॉनला जागच्या जागी हलवलं गेलं आणि स्पिन वळला! नव्वद अंश, साधारण ५५ नॅनोसेकंदात. वळला हे कळलं कसं, तर शेजारच्या डॉटमध्ये दुसरा इलेक्ट्रॉन ठेवलेला, दोघांचे स्पिन सारखे असले तर करंट अडतो, एक वळला की फेम्टोअँपिअरमध्ये मोजावा लागणारा करंट वाहायला लागतो. मला या सगळ्या विषयातला हा सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो.

पण खिडकी उघडली की वाऱ्याबरोबर धूळही आत येते. जे गेट करतं तेच क्रिस्टलची थरथर, म्हणजे फोनॉनही करतात, चिपमधला चार्ज नॉइजही करतो, आणि स्पिन आपली माहिती विसरतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये एक टेस्लाच्या मॅग्नेटिक फील्डमध्ये स्पिन आपोआप उलटायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो हे मोजलं गेलंय, म्हणजे तिथे फार घाई नाही, पण त्यातल्या प्रत्येक न्यूक्लियसला स्वतःचा स्पिन आहे आणि तो गोंधळ दहाएक नॅनोसेकंदांतच फेज, म्हणजे स्पिनच्या फिरण्याचा ताल, बिघडवतो. म्हणून बरेच जण सिलिकॉनकडे वळले, सिलिकॉन-२८ ला न्यूक्लियर स्पिन नाही. पण तिथे इलेक्ट्रॉनचं स्पिन-ऑर्बिट इतकं कमी की धरायला काहीच नाही, मग चिपवर कोबाल्टचा छोटा मॅग्नेट ठेवून ते कृत्रिमरीत्या तयार करायचं.

दुसरी वाट होलची. इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर राहिलेली रिकामी जागा म्हणजे होल, आणि त्याचं स्पिन-ऑर्बिट मुळातच दणकट, वेगळा मॅग्नेट लागत नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला २०१६ मध्ये सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये होलचा क्युबिट चालला, २०२१ मध्ये डेल्फ्टला जर्मेनियममध्ये चार क्युबिट एकत्र चालले, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला एका नॅनोवायरमध्ये स्पिन सेकंदाला ४३.५ कोटी वेळा फिरवता येईल इतका वेग गाठला गेला.

आणि धूळ? २०२२ मध्ये ग्रेनोबलच्या ग्रुपने मॅग्नेटिक फील्डची दिशा थोडी थोडी फिरवत एक अशी दिशा शोधली जिथे होलला चार्ज नॉइज जवळजवळ जाणवत नाही, तरी गेटने तो वळवता येतो. एको तंत्राने, म्हणजे मधेच स्पिन उलटवून संथ गोंधळ पुसून मोजलं, तर फेज टिकली ८८ मायक्रोसेकंद, तोवरच्या होल क्युबिटपेक्षा साधारण दहापट. माझ्या मते इथून पुढचं काम याच रस्त्याने जाईल, आणि कठीण भागही इथेच आहे, कारण प्रत्येक डॉटचा आकार आणि ताण थोडा वेगळा, त्यामुळे प्रत्येकाची चांगली दिशा वेगळी, आणि फ्रीजमधला मोठा मॅग्नेट सगळ्यांना मिळून एकच, म्हणून गेटच्या व्होल्टेजनेच एकेका होलचा आकार बदलून सगळ्यांना त्या एका दिशेशी जुळवून घ्यावं लागतंय.